पुन्हा मागून घेतलेलं

कोल्हापुरात मटणाच्या कुठल्याही खानावळीत शिरा, एक नियम न सांगता पाळला जातो. फोडी मोजून, रस्सा पोटभर. वाढपी बादली आणि पळी घेऊन रांगेतून फिरत असतो. वाटी रिकामी दिसली की थांबतो, तांबडा की पांढरा एवढंच विचारतो आणि ओततो. ताटाच्या पैशात किती वाट्या बसतात याचा हिशोब तिथे कोणी मांडत नाही.

विद्यार्थ्यांच्या मेसमध्येही हाच नियम चालतो. चपात्या ठरलेल्या, सुकी भाजी पळीभर, रविवारचं गोड वाटीभर. आमटी आणि भात मात्र मोकळा. वसतिगृहात राहून गेलेल्या कुणालाही विचारा, मेसमधलं काय आवडायचं? आधी गुलाबजाम, श्रीखंड, पुरीबरोबरची बटाट्याची पिवळी भाजी अशी नावं येतात. मग बोलणं रंगत जातं आणि माणूस हळूहळू आमटीवर येतो. तिच्यावरचा लाल तवंग, तिच्यातला कुठेतरी लपलेला शेवग्याच्या शेंगेचा तुकडा, भाताच्या आळ्यात ती ओतून घेतानाचा वास. ती आमटी चवीला फार मोठी होती असं नाही. ती मागता येत होती. मेसमधल्या माझ्या सगळ्या आवडीनिवडी मला या एका गोष्टीपाशी आणून सोडतात.

हे मला इतकं का लागलं ते सांगायचं तर आधी तोंडवलीला जायला हवं. मालवणच्या उत्तरेला एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची, म्हणजे कालावलची खाडी, आणि मधे वाळूची, माडांची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोकाला तळाशील. आमच्याकडे वाटणी ही लहानपणापासून बघायची गोष्ट. रापण लागली की होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा वळसा घेते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून माणसं ते ओढत आणतात. जाळं वाळूवर आलं की मासळीची निवड होते, विक्री होते आणि मग वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला नुसता हात लावायला आलेल्या म्हातारीच्या ओंजळीतसुद्धा चार पेडवे पडतात. त्या वाटणीत मी भांडणंही पाहिली आहेत, पण वाळूवर वाटणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. ज्याला बोलायचंय तो तिथेच बोलतो.

घरातली वाटणी चुलीपाशी व्हायची, आणि ती एकटी आई करायची. इसवण आली तर मधले तुकडे वडलांना आणि भावांना, काटे कमी म्हणून एखादा आजीला. बांगडे असले तर मोजायला सोपं. आईच्या ताटात शेपटी, टकली आणि पुष्कळसं कालवण. टकलीतच खरी चव असते, असं ती म्हणायची. ते खरंही आहे. टकली चोखून खाण्यातली गोडी मधल्या तुकड्याला नाही. पण मधला तुकडा घ्यायचा की टकली हे तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुका जवळा, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज यांवर दिवस निघायचे. तेव्हा तर कालवणाचं पाणीही अंदाज घेऊन वाढलं जायचं.

आम्हा मुलींना मागू नका असं कोणी सांगितलं नाही. सांगावं लागतच नाही. आधी टोपात बघायचं आणि मग मागायचं हे आपोआप अंगात येतं. टोपाच्या तळाशी भात किती दिसतो, आई जेवायची आहे का, काकी यायची आहे का, हे सगळं एका नजरेत मोजायचं आणि हात धुवायचे. ‘पोट भरला,’ असं म्हणायचं. मुलग्यांना टोप बघायची सवय नव्हती. ते वाईट नव्हते, त्यांना टोप कुठे असतो हेच माहीत नव्हतं.

मालवणातलं शिक्षण संपवून मी पुढे कोल्हापूरला गेले. तेव्हा कोकण रेल्वे व्हायची होती. फोंडा घाट चढून, दाजीपूरचं जंगल ओलांडून, राधानगरीवरून एस.टी. कोल्हापुरात पोचायची. मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली. तिथे लांबलचक बाकं होती, स्टीलची ताटं होती, आणि वाढायला आक्का होत्या. सगळ्या जणी त्यांना आक्काच म्हणायच्या, अगदी वॉर्डनसुद्धा.

पहिल्या दिवसांत मला सगळ्यात अवघड गेलं ते जेवणाचा क्रम समजून घेणं. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. चपाती पाहुण्यांसाठी किंवा आजारी माणसासाठी. इथे चपात्या आधी येत, भाजीशी संपत, आणि भात शेवटी, जेवण आटोपतं घेण्यासाठी. सांगली, सातारा, गडहिंग्लजकडच्या मुली दोन घास भात घेऊन उठायच्या. आम्ही घाटाखालच्या मुली चपात्या कशाबशा संपवून खऱ्या जेवणाची वाट बघत बसायचो. आक्कांच्या हे लवकर लक्षात आलं. मग त्या भाताचं घमेलं घेऊन आधी आमच्या बाकाकडे यायला लागल्या. ‘कोकणातल्या पोरी हायेत, त्यांना भात घाला आधी,’ हे त्या स्वयंपाकघराकडे ओरडून सांगायच्या. या एका वाक्याने मला त्या शहरात जागा मिळाली असं मी आजही मानते.

आमटी मात्र मी सुरुवातीला एकदाच घ्यायचे. दुसऱ्यांदा आक्का आल्या की ‘बस’ म्हणायचे आणि माझी मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळायची. तिथे एवढं मोठं पातेलं होतं की त्याचा तळ बसल्या जागेवरून दिसणं शक्यच नव्हतं. मागे किती जणी जेवायच्या आहेत, आक्कांसाठी उरलंय का, हे मला कळायची सोयच नव्हती. आक्कांनी ते ओळखलं असावं. ‘लाजतीस काय? घे की. मेसचे पैसे भरल्यात न्हवं?’ असं म्हणून त्यांनी पळी भाताच्या आळ्यात रिकामी केली. त्या दिवशी मी भात पुन्हा घेतला, आमटी पुन्हा घेतली, आणि कोणाच्या वाटणीचं मी खाल्लं हे मनात आलं नाही. असं जेवण मी त्याआधी जेवले नव्हते.

त्या मेसमधलं मला काय काय आवडायचं ते आता सांगते. गुरुवारी रात्री झुणका, ज्वारीची भाकरी आणि खर्डा. आमची भाकरी तांदळाची, क्वचित नाचणीची. ज्वारीच्या भाकरीला जी मातकट गोडी आहे ती मला तिथे कळली. खर्डा म्हणजे हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर तेलात परतायचे आणि मीठ घालून तिथल्या तिथे तांब्याच्या बुडाने रगडायचे. त्यावर दही. कोल्हापूरच्या तिखटाला लोक उगीच घाबरतात. चांगल्या खर्ड्यात तिखटाच्या आधी भाजलेल्या लसणाचा गोडवा येतो आणि मग मिरची येते. अख्खा मसूर हा तिथला दुसरा मोठा पदार्थ. अख्खे मसूर शिजवून कांदा-लसूण चटणीत घोळवलेले, वर कच्चा कांदा. हा पदार्थ मी तोंडवलीला कितीदा केला, पण आमच्या नारळाच्या वाटपाची सवय असलेल्या हाताला त्यातला तो कोरडा, भाजलेला स्वाद साधत नाही. कांदा-लसूण चटणी घाटावरूनच यायला हवी.

रविवारी दुपारी चिकन असायचं, मटण फार क्वचित. फोडी अर्थात मोजून. शाकाहारी मुलींना त्या दिवशी पनीर किंवा गोड. आणि सगळ्यांच्या आधी, वाटीत, पांढरा रस्सा. तांबड्याचा बोलबाला जास्त, पण मला पांढऱ्याने जिंकलं. अळणी पाणी, तीळ, खसखस, काजू यांचं वाटण, खडा मसाला, आणि नारळाचं दूध. पहिला घोट घेतला आणि मी आक्कांना विचारलं, यात नारळाचा रस आहे ना? त्यांनी मला आत नेलं. आचारी मोठ्या पातेल्यासमोर उभे होते, हातात डाव, आणि जाळ अगदी बारीक. नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो, हे ते एका नव्या पोऱ्याला सांगत होते. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई सोलकढीचा रस विस्तवाजवळसुद्धा ठेवत नाही, आणि कालवणात जाडा रस घातला की चुलीतलं लाकूड मागे ओढते. घाट चढून, एवढा प्रवास करून, एका परक्या स्वयंपाकघरात माझ्या आईचं वाक्य मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. त्यानंतर रविवारचा पांढरा रस्सा मी किती वाट्या प्यायचे याची कोणी नोंद ठेवली नाही, आणि तेच त्याचं सुख होतं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद. हा नियम महाराष्ट्रभर आहे आणि त्यामागे आचाऱ्याची सुट्टी एवढंच कारण आहे, पण विद्यार्थ्यांच्या खाण्याच्या आठवणींतला अर्धा भाग या बंद मेसने घडवला आहे. ज्यांच्याकडे पैसे असत त्या मिसळ खायला जायच्या. बाकीच्या आम्ही खोलीत वर्तमानपत्र पसरून डबे उघडायचो. सोलापूरच्या मुलीकडे शेंगांची चटणी आणि कडक भाकरी. तासगावकडच्या मुलीकडे बेदाणे. निपाणीची एक होती, तिच्याकडे तिळाची पोळी असायची. माझ्याकडे मालवणी खाजा, आमसुलं आणि गोलम्याची सुकी चटणी. गोलम्याचा डबा उघडण्याआधी मी सगळ्यांना विचारायचे, कारण वास साऱ्या मजल्यावर जायचा. ज्यांच्या घरी मासळी चालत नव्हती अशा मुलीही ‘उघड गं’ म्हणायच्या आणि खिडकी उघडायच्या. हे डबे मालवणहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती यायचे. वडलांची चिठ्ठी डब्याच्या कापडात खोचलेली असायची, आणि तिच्यात आईचा प्रश्न न चुकता असायचा. ‘पोटभर जेवतंस मा गो? भात गावता मा?’ अभ्यासाचं विचारायचं काम वडलांचं.

एकदा पावसाळ्यात डब्यातून कुळथाचं पीठ आलं. आक्कांनी ते हुंगून बघितलं आणि म्हणाल्या, ह्याचं करू की रातच्याला. मी त्यांना सांगत राहिले, त्या करत राहिल्या. लसणीची फोडणी, मिरची, दोन-चार आमसुलं, आणि पीठ थंड पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात सोडायचं, सतत ढवळत. त्या रात्री सगळ्या बाकांवर भाताबरोबर कुळथाची पिठी गेली. दुसऱ्यांदा मागणाऱ्यांचे आवाज वाढत गेले तसं आत आणखी पाणी चढलं आणि आणखी पीठ पडलं. माझ्या घरी हा पदार्थ दुसरं काही नसेल तेव्हाचा. तो मागून घेतला जाताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पुन्हा मागून घेण्याचा हा हक्क विद्यार्थ्यांना आपसूक मिळालेला नाही. आपल्याकडे शिकायला गेलेल्या गरीब मुलाने वार लावून जेवायची रीत होती. आठवड्याचे सात वार, सात घरं. पुण्यात अशी वारावर शिकलेली मुलं पिढ्यानपिढ्या होऊन गेली, माधुकरी मागून शिकलेलीही. 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलंसुद्धा माधुकरीला फिरत. ही रीत उदार होती. तिच्यामुळे माणसं शिकली. पण ती जवळजवळ एकाच जातीच्या मुलांसाठी होती, आणि तिच्यात मुलगा नेहमी दुसऱ्याच्या घरचा पाहुणा असे. वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून, घरातली पोरं जेवली का याचा अंदाज घेऊन त्याने ‘पुरे’ म्हणायचं. तोही टोपातच बघत होता.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुस्लिम, आणि अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या मुलांसाठीही वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला शहरात शिकायचं तर आधी पान हवं, हे महाराजांनी ओळखलं. तरी ही पानं वेगवेगळ्या छपरांखाली मांडलेली होती. 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला नकार दिला म्हणून भाऊराव पाटील या विद्यार्थ्याला त्याच्या बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग उभं केलं. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्याच हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं.

त्या पंगतीची खरी भिस्त मात्र भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांवर होती. मुलं त्यांना वहिनी म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींच्या मुलांना रांधून वाढलं. धान्य संपलं की अंगावरचा एकेक दागिना गेला, आणि शेवटी मंगळसूत्रही विकलं गेलं. 1930 मध्ये त्या गेल्या. त्यागाच्या गोष्टी म्हणून हे प्रसंग आपल्याला सांगितले जातात, आणि तो त्याग आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वहिनींना टोपाचा तळ रोज दिसत होता, आणि मुलांना तो दिसू नये एवढ्यासाठी त्यांनी सोनं मोडलं. पंगतीतल्या पोराने ‘वहिनी, आणखी’ म्हटल्यावर त्याच्या पानात भाकरी पडली पाहिजे, ती कुठून आली हे त्याला कळता कामा नये.

मुलींची गोष्ट याहून निराळी आणि थोडी जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे शिकायला आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखची, आमच्या कोकणातली. गोदूबाई तिचं नाव. चार वर्षांनी त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी संस्था काढली आणि 1900 मध्ये ती हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेली. त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेला एकवेळचं जेवण, तेही घरातले सगळे उठल्यावर, त्यात उपासतापास वेगळे. अशा बाईसाठी ठरल्या वेळी पान मांडलं जाणं, तिच्या शेजारी तिच्यासारख्याच बायका बसलेल्या असणं आणि कोणाचं जेवण उरकायची वाट न बघता तिने पहिला घास घेणं, ही शिक्षणाच्या आधीची मोठी गोष्ट होती. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शाळा, पुस्तकं, परीक्षा यांची पानंच्या पानं असतात. स्वयंपाकघराचं एखादंच वाक्य असतं. माझ्या मते ते प्रकरण अजून लिहायचं राहिलं आहे.

माझ्या वसतिगृहातल्या बहुतेक मुलींनी पहिली गरम चपाती, तव्यावरून थेट ताटात आलेली, मेसमध्ये खाल्ली. घरी चपात्या करायचं काम त्यांचं, म्हणून गरम चपाती भावाची. हे आमच्यातल्या एकीने सहज बोलता बोलता सांगितलं आणि मग बाकावरच्या साऱ्या जणी आपापल्या घरचं सांगू लागल्या. एक जण म्हणाली, मला साय आवडते हे मला इथे कळलं. घरी साय कोणाला मिळते हे ठरलेलं होतं. मुलगी वसतिगृहात गेली की तिला शिक्षण मिळतं, शहर मिळतं, मैत्रिणी मिळतात. त्याच्याआधी तिला स्वतःची आवड कळते. आपल्याला काय आवडतं हे ठाऊक व्हायला आधी दोनदा घेऊन बघावं लागतं, आणि दोनदा घ्यायचं तर मागावं लागतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आईला सांगितलं की आपण दोघी बरोबर जेवायला बसू. ती हसली. ‘मगे वाढतला कोण?’ तिचं बरोबरच होतं. वाढायचं काम वाटून घेतल्याशिवाय बरोबर जेवणं शक्य नव्हतं, आणि ते काम वाटून घ्यायला भावांना बरीच वर्षं लागली. पण आईने मला रस्स्याचं खोदून खोदून विचारलं. तीळ किती, खसखस भिजवायची किती वेळ, नारळाचा कुठला रस घालायचा, पहिला की दुसरा? खसखस आमच्या स्वयंपाकात एवढी नसते. तिने मालवणच्या बाजारातून आणवली. आमच्या परड्यातल्या माडाचा नारळ, गावठी कोंबडा, आणि कोल्हापूरचा रस्सा, असा तो बेत झाला. वडलांनी भात तसाच ठेवून दोन वाट्या नुसता रस्सा प्यायला. आईने स्वतःसाठी वाटी भरून आधीच बाजूला झाकून ठेवली होती. मला ते बघून फार बरं वाटलं. त्यापूर्वी मी तिला असं करताना पाहिलं नव्हतं.

मी आता शिकवते, आणि आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेसचं बघणाऱ्या समितीवर आहे. बाकं गेली, टेबलं आली. खाचे पाडलेली ताटं आली, कूपनं आली. खाचा भरला की वाढणाऱ्याचा हात थांबतो. ठेकेदार बदलला की ठरावात एक ओळ वाढते, अमुक वस्तू अमुक ग्रॅम. मोजणं मला पूर्ण अमान्य नाही. पनीर मोजा, अंडं मोजा, गुलाबजाम मोजा. ज्याचा एक नग कमी पडला तर शेवटच्या मुलीला मिळणार नाही ते मोजलंच पाहिजे. रापणीच्या वाळूवर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण भात आणि आमटीसुद्धा मोजून द्या, मुली फार टाकतात, अशी सूचना समितीच्या बैठकीत आली तेव्हा मी विरोध केला आणि अजूनही करीन. टाकणं वाईट आहे. त्यावर उपाय मुलींना उपाशी ठेवण्याचा नाही, स्वयंपाक सुधारण्याचा आहे. ज्या दिवशी आमटी कच्ची राहते, तांदूळ जुना नसल्याने भाताचा गिचका होतो, त्या दिवशी टाकण्याची बादली भरते. ज्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार असतं त्या दिवशी बादलीत काही नसतं.

आमचे आचारी या बैठकीला बोलावले होते. ते फार बोलत नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की एकदाच मिळणार म्हटलं की पोरी ताटात डोंगर करून घेतात आणि अर्धा ठेवतात. पुन्हा मिळणार हे माहीत असलं की थोडं घेतात आणि परत येतात. माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा त्यांचं हे बोलणं समितीला पटलं. भात आणि आमटी मोकळी राहिली. टाकलेल्या अन्नाचं वजन रोज फळ्यावर लिहायचं ठरलं, आणि ते मुलींनीच लिहायचं.

नव्या वर्षाला तळाशीलकडची एक मुलगी आली आहे. पहिले काही दिवस ती एकदाच वाढून घ्यायची आणि लगेच ताट धुवायला उठायची. मी तिला काही बोलले नाही. तिच्या टेबलावरच्या वरच्या वर्गातल्या मुलींना सांगितलं की भाताचं पातेलं टेबलाच्या मधे आणून ठेवा. आता ते तसंच ठेवलं जातं. या पावसाळ्यात शुक्रवारी रात्री कुळथाची पिठी लावायची मागणी त्याच टेबलावरून आली. पीठ मी तोंडवलीहून आणणार आहे. बरोबर भात उकड्याचा करायचा की साधा, यावरून मुलींचे दोन तट पडलेत आणि दोन्ही तट रोज आचाऱ्यांना गाठून आपलंच म्हणणं पुढे रेटतात.